गटाच्या मालाला कायमचे गिऱ्हाईक

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या खेड्यांचे रूप पालटत गेले. १९७० साली तेथे नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १७ लाखांवर गेलेली दिसते. शतकाच्या अखेरीस हीच कारखानदारी इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरली. चाकणच्या आसपास महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारात मोटारींचे व सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आता रोज सकाळी पाळीवर जाणाऱ्या कामगारांचेही गाव झाले आहे.

कामगार म्हणजे रोज दोन वेळा जेवणारा माणूस. परगावाहून आलेला कामगार खोली भाड्याने घेतो; त्याच्यामागे घरी स्वयंपाक करणारे कोणी नसते. भाकरी, पोळी, भाजी, चटणी, लोणचे, तांदूळ, कडधान्य ही त्याची नित्याची गरज असून ती विकत घ्यावयाचे पैसेही त्याच्यापाशी असतात. याच गावांतील महिला बचत गट, लहान सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या यांना हा माल तयार करता येतो. असे असूनही पुष्कळ गटांचा माल वर्षातून एक-दोन जत्रांत व दिवाळीच्या सुमारास विकला जातो, आणि उरलेले महिने पापडाचे पोळपाट फळीवर पडून राहतात. गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर असताना माल घरात राहावा, हे कोडे सोडविण्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याने गटाला कशी मदत करावी, याचा येथे विचार केला आहे.

उत्पन्न कशास म्हणावे

गटाच्या वहीत वर्षभरात जमा झालेली रक्कम एकाच रकान्यात लिहिलेली आढळते. तीत सभासदांची बचत असते, बँकेचे कर्ज असते, सरकारी साहाय्य असते आणि विकलेल्या मालाचे पैसेही असतात. बेरीज मोठी दिसते व सभेत टाळ्या पडतात. परंतु बचत ही सभासदांचीच ठेव होय, कर्ज परत करावयाचे असते आणि साहाय्य एकदाच मिळते. पुढील वर्षी पुन्हा येईल असा भरवसा ज्याचा धरता येईल, असे उत्पन्न एकच, ते विक्रीचे. म्हणून विक्रीला वेगळा रकाना असावा, आणि त्याशेजारी आणखी एक लहान रकाना ठेवावा: हे गिऱ्हाईक पहिल्यांदा आले की पुन्हा आले? कार्यकर्त्याने महिन्याच्या भेटीत बाकी काही पाहिले नाही तरी हा रकाना अवश्य पाहावा.

साहाय्याची निंदा करण्याचे कारण नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली निघालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत बचत गटाच्या सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल खेळत्या भांडवलासाठी व लहान अवजारांसाठी ठरविण्यात आले. अशा रकमेचा उपयोग ज्या गटाजवळ मागणी आहे त्याला फार चांगला होतो. ज्याच्याजवळ मागणी नाही तो यंत्र घेतो, ते झाकून ठेवतो आणि हप्ता मात्र फेडीत राहतो. क्रम चुकला की मदतच ओझे होते.

हा क्रम नीट पाळला गेल्याचे उदाहरण मुंबईचे आहे. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती स्त्रियांनी गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल होते छगनलाल करमसी पारेख यांजकडून उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. प्रथम त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला व एक स्वस्तातला. पारेख यांनी सांगितले की प्रत एकच ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी आणली, पापड खाटेवर पसरले, शेगडी खाली ठेवली व काम चालू राखले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. देणगी घ्यावयाची नाही असा त्यांचा निश्चय होता. हीच संस्था पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने देशभर पोहोचली. १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता देऊन आठ लाख रुपयांचे खेळते भांडवल दिले. ते आले सात वर्षांनी, पापडाला गिऱ्हाईक पक्के झाल्यावर. गटाच्या सभेत ही हकीकत सांगावयाची झाल्यास आठ लाखांपेक्षा खाट व शेगडी यांवर अधिक वेळ द्यावा. खेड तालुक्यातही पावसाळा तितकाच लांब असतो.

आपल्या श्रमाचा हिशेब

विक्री वाढवावयाची म्हटले की पहिली सूचना येते ती दर कमी करण्याची. दर कमी करावा की नाही हे ठरविण्याआधी तो किती पडतो हे कळावयास हवे. आणि येथेच बहुतेक गटांचा हिशेब लंगडा पडतो, कारण त्यात स्त्रियांचे स्वतःचे श्रम धरलेले नसतात.

उदाहरणादाखल समजा की चार स्त्रियांचा गट एका खानावळीस व एका उपाहारगृहास रोज ज्वारीच्या भाकरी पुरवितो. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत; प्रत्येक गटाने आपल्या गावचे भाव घालावेत. ३० किलो पिठाच्या सुमारे ३०० भाकरी होतात. ज्वारी ४० रुपये किलोप्रमाणे १,२०० रुपये, दळणावळ १५०, गॅस ३००, रिक्षाभाडे २५० व कागद ६०, असा रोख खर्च १,९६० रुपये झाला. दहा भाकरी मोडतात किंवा करपतात असे धरले तर २९० विकल्या जातात. शेजारच्या दुकानात ८ रुपयांना मिळते म्हणून गटानेही ८ रुपये दर ठेवला. विक्री २,३२० रुपयांची झाली. रोज ३६० रुपये नफा, असे गटाला वाटते.

वस्तुतः चौघींनी प्रत्येकी चार तास, म्हणजे एकूण सोळा तास, चुलीपुढे घालविले आहेत. ३६० रुपये सोळा तासांत वाटले तर तासाला साडेबावीस रुपये पडतात. शेतमजुरीला गेल्या असत्या तर यापेक्षा अधिक मिळाले असते. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर तिचे ९६० रुपये होतात. तवे, परात व शेगडी यांच्या झिजेचे ४० रुपये मिळविले की खरा खर्च २,९६० रुपयांवर जातो. एक भाकरी सव्वादहा रुपयांना पडली आणि ८ रुपयांना विकली गेली. गट रोज ६४० रुपयांचा तोटा सोसतो, आणि तो तोटा बायकांच्या पाठीवर जातो म्हणून वहीत दिसत नाही. काही महिन्यांनी एकीची प्रकृती बिघडते, दुसरी कंपनीत झाडलोटीच्या कामाला लागते व गट मोडतो. मग लोक म्हणतात, बायकांत एकी नव्हती. एकीला बोल लावण्यापूर्वी दर तपासावा.

हीच भाकरी ११ रुपयांना गेली तर विक्री ३,१९० रुपये होते. मजुरी व झीज वजा जाता रोज २३० रुपये, महिन्याच्या २६ दिवसांत ५,९८० रुपये गटाजवळ शिल्लक राहतात. खरा नफा तो हा, आणि पुढची शेगडी यातून यावयाची.

दुसरी समजूत अशी की माल दुप्पट केला की खर्च पुष्कळ उतरेल. कारखान्यात तसे होते. हातकामात होत नाही. वरील हिशेबात ६०० भाकरी केल्या तर पीठ, गॅस, कागद, मजुरी व झीज ही सारी दुप्पट होतात. तेवढे रिक्षाभाडे एका फेरीत भागते. खर्च भाकरीमागे अवघा ४३ पैशांनी कमी होतो. तेव्हा मोठी मागणी मिळावी म्हणून कोणी दोन रुपये सूट मागितली तर ती देता येणार नाही, हे गटाला आधीच ठाऊक असावे. सौद्याच्या वेळी आकडा तोंडपाठ असलेली स्त्री दबत नाही. कार्यकर्त्याने हा हिशेब स्वतः मांडून देऊ नये. खडू गटातील एखादीच्या हाती द्यावा, मग वेळ लागला तरी चालेल.

गिऱ्हाईक कोठे शोधावे

पिंपरी-चिंचवड महानगरपालिका महिला गटांसाठी पवनाथडी जत्रा भरविते. पुण्यात भीमथडी जत्रा व मुंबईत महालक्ष्मी सरस ही प्रदर्शने भरतात. या ठिकाणी गर्दी लोटते व चार दिवसांत कधी महिन्याचा माल खपतो. तथापि येण्याजाण्याचे भाडे, राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी व परत आणलेला माल हे सारे मांडले तर हाती थोडे राहते. जत्रेची खरी कमाई गिऱ्हाईक ओळखीचे होण्यात आहे. आलेल्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांचे नाव, वस्ती व दूरध्वनी क्रमांक वहीत टिपून घ्यावा आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांना पुन्हा विचारावे. मोशी, चिखली, वाकड या बाजूंच्या एका गृहसंस्थेत दहा घरे महिन्याला ठरलेला तांदूळ, पीठ व मसाला घेऊ लागली तर एका फेरीत दहा ठिकाणचा माल उतरतो. विखुरलेली पन्नास घरे मिळविण्यापेक्षा एका दारातील दहा घरे सोयीची.

तांदळाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. मावळातील वडगाव येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ शहरातील माणूस नाव घेऊन मागतो. नाव घेऊन मागितल्या जाणाऱ्या मालाला दर मिळतो, मात्र त्यात दुसऱ्या भाताची भेसळ एकदा जरी सापडली तरी ती दहाही घरे एका दिवसात जातात. गटाने भात कोणाच्या शेतातील, कोणत्या महिन्यात भरडलेला, हे पिशवीवर लिहावे. खाद्यमालासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. बंद पुडक्यावर मालाचे नाव, करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती असावी लागते. पुष्कळ गटांना हा जाच वाटतो. परंतु अनोळखी शहरी गिऱ्हाइकाला पुडक्यावरील पत्ता हीच गटाची ओळख असते.

कारखान्यांच्या उपाहारगृहांकडे गटांचे डोळे लागलेले असतात, ते साहजिक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा १०० कामगारांवर आणण्यात आली. म्हणजे लहान कारखान्यांनाही आता जेवणाची सोय पाहावयाची आहे. मोठ्या कारखान्याचे सबंध जेवण देण्याची उडी गटाने घेऊ नये. तेथील ठेकेदाराला लागणारी एखादी वस्तू, जसे भाकरी, शेंगदाण्याची चटणी किंवा सोललेला लसूण, रोज ठरलेल्या वेळी व ठरलेल्या वजनात देण्याचे काम आधी मागावे. पाळीची घंटा गटासाठी थांबत नाही. लग्नसराईत व वारीच्या दिवसांत निम्म्या बायका कामावर नसतात. तेव्हा कोण उभे राहील हे काम घेण्यापूर्वी ठरवावे. शेजारच्या दोन गटांनी एकमेकांची अडचण भागविण्याचे ठरविले तर हे सहज साधते. राजगुरुनगरच्या चैतन्य संस्थेने खेड तालुक्यातील गट एकत्र आणून त्यांचा संघ उभा करण्याचे काम दीर्घकाळ केलेले असल्याने, या तालुक्याला गटागटांचे सहकार्य नवे नाही. बचतीसाठी जे जमले ते पुरवठ्यासाठीही जमावे.

सर्वच गटांनी खाद्यमाल करावा असेही नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली व तिच्यातून पुढे स्वच्छ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा गोळा करण्याबद्दल घरांकडून मिळणारा मासिक आकार व भंगाराची विक्री यांवर तिच्या सभासदांची कमाई चालते. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की मासिक आकार ठरला की उद्या गिऱ्हाईक येईल काय ही चिंता राहत नाही. शहरालगतच्या गावांतील गट गृहसंस्थांच्या ओल्या कचऱ्याचे खत करून देण्याचे काम याच रीतीने घेऊ शकतात. त्यात खत विकण्याचे उत्पन्न वरकड समजावे व मासिक आकार मुख्य धरावा.

उधारी

चांगला माल, योग्य दर व कायमचे गिऱ्हाईक एवढे जमल्यावरही गट बुडू शकतो, तो उधारीत. हा धोका जुना आहे. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना पैसे महिन्याच्या पगाराला मिळत आणि वाणसामान मात्र रोज लागे. म्हणून त्या वाण्याकडून उधारीवर महागाने घेत व सावकाराच्या फेऱ्यात सापडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ संघटित केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बायकांची पाककृती आधीही उत्तम होती. त्यांना अडवीत होते ते खेळते भांडवल.

वरील भाकरीच्या हिशेबात पाहू. खरेदीदार ४५ दिवसांनी पैसे देणार असेल तर तेवढ्या मुदतीत कामाचे सुमारे ३९ दिवस येतात. रोख खर्चाचे ७६,४४० रुपये व मजुरीचे ३७,४४० रुपये, मिळून १,१३,८८० रुपये गटाने पदरचे घालावयाचे असतात. चार स्त्रियांच्या गटाला हे झेपणारे नाही. तेच पैसे दर आठवड्याला मिळाले तर सहा दिवसांच्या रोख खर्चापुरते ११,७६० रुपये पुरतात. म्हणून दरात आठ आणे सोडावे लागले तरी सोडावेत, पण आठवड्याची वसुली सोडू नये. हा सौदा पहिल्याच दिवशी करावयाचा असतो. माल सुरू झाल्यावर तो होत नाही.

मोठ्या खरेदीदाराने आठवड्याची मुदत मानली नाही तर कायद्याचा आधार ठाऊक असावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ साली झाला. त्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने, लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. त्यासाठी गटाची उद्यम नोंदणी असावी लागते. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून तिला शुल्क नाही. नोंदणी उधारी थकण्यापूर्वी करावी. थकल्यानंतर केलेली नोंदणी मागील व्यवहाराला उपयोगी पडेलच असे नाही.

कायदा असला तरी लहान गटाने रोजच्या गिऱ्हाइकाशी भांडावे कसे, हा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर एवढेच की कोणत्याही एका खरेदीदाराकडे गटाच्या मालाचा निम्म्याहून अधिक भाग जाऊ देऊ नये. एक उपाहारगृह, एक-दोन खानावळी व एखादी गृहसंस्था अशी वाटणी असली म्हणजे एकाचा ठेकेदार बदलला तरी चुली विझत नाहीत. माल पोहोचविताना दोन प्रतींची पावती न्यावी, एक प्रत सही घेऊन परत आणावी व तारखेप्रमाणे तारेत ओवून ठेवावी. सही कोणाची, हे त्याच वेळी वाचता येईल असे लिहून घ्यावे. सहा महिन्यांनी त्या उपाहारगृहात माणसे बदललेली असतात.